रक्ताचा कर्करोग आणि क्लिनिकल ट्रायल: सही करण्याआधी आणि केल्यानंतर

वडिलांचा लिम्फोमा दुसऱ्यांदा उलटला तेव्हा डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले आणि तिसऱ्याचं नाव घेताना जरा थांबले. "एक ट्रायल सुरू आहे. बसत असाल तर बघू." घरी आल्यावर काकांनी एका वाक्यात निकाल लावला, "आपल्या माणसावर प्रयोग करून घ्यायचे नाहीत." आईला वाटलं, ट्रायलचं नाव निघालं म्हणजे आता दुसरं काही उरलं नाही. दोघांचीही समजूत चुकीची होती. ती दूर व्हायला तीन आठवडे गेले, आणि या आजारात तीन आठवडे फार महागात पडतात. दुसऱ्या कुणाचे ते जाऊ नयेत म्हणून हे क्रमाने लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. फाईल घेऊन ओपीडीच्या रांगेत उभा राहणारा मुलगा होतो, आणि नंतर ओळखीतल्या बऱ्याच कुटुंबांबरोबर त्याच रांगेत पुन्हा उभा राहिलो.

१. आधी आजाराचं पूर्ण नाव लिहून घ्या

"ब्लड कॅन्सर" एवढं सांगून कुठल्याही ट्रायलचं दार उघडत नाही. ल्युकेमिया, लिम्फोमा आणि मायलोमा ही तीन मोठी घराणी आहेत आणि प्रत्येकात अनेक पोटप्रकार. नावातल्या एका अक्षराने उपचार पूर्ण बदलतो. सीएमएल या ल्युकेमियात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल होतात. नेमकी तीच गोष्ट हेरून इमॅटिनिब नावाची गोळी आली, २००१ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि ज्या आजारात लोक काही वर्षांत जायचे त्यात आता माणसं रोज गोळी घेऊन नोकरी करतात. एएमएल या तीव्र ल्युकेमियाच्या एपीएल नावाच्या पोटप्रकारात रुग्ण पूर्वी रक्तस्रावाने काही दिवसांत दगावत. अ जीवनसत्त्वापासून बनवलेलं औषध आणि आर्सेनिक एवढ्यावर, नेहमीच्या किमोशिवाय, बहुतेक रुग्ण बरे होऊ शकतात हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ट्रायलने दाखवून दिलं. दोन्ही ठिकाणी पूर्ण नाव कळलं म्हणून औषध कळलं.

म्हणून एका फाईलमध्ये तारखेच्या क्रमाने हे लावा: पहिल्या निदानाचा बायोप्सी किंवा बोन मॅरो रिपोर्ट, फ्लो सायटोमेट्री (पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी), गुणसूत्रांची आणि जनुकांची तपासणी, पेट स्कॅनचा रिपोर्ट आणि त्याची सीडी. मायलोमा असेल तर एम प्रोटीन आणि लाइट चेन या रक्ततपासण्यांचे सगळे जुने आकडे. सगळ्यात वर स्वतःच्या हाताने लिहिलेलं एक पान हवं: कोणतं औषध, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, किमोच्या किती सायकल (फेऱ्या), आणि त्यानंतर आजार किती उतरला. पुष्कळ ट्रायल्समध्ये "आधी किमान दोन प्रकारचे उपचार झालेले" अशी अट असते, आणि "काहीतरी किमो झाली होती" या उत्तराने ती अट पूर्ण होत नाही.

कागदांइतकाच महत्त्वाचा असतो मेणाचा ब्लॉक. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून लॅब तो सांभाळून ठेवते, आणि ट्रायलवाले तो हमखास मागतात. आमचा ब्लॉक पहिल्या निदानाच्या लॅबमध्ये होता. तिथे तीन खेपा झाल्या, "शोधतो" हे उत्तर तीनदा मिळालं आणि आठ दिवस गेले. ट्रायलचा विषय निघायच्या आधीच लॅबला लेखी अर्ज देऊन ब्लॉक आणि स्लाइड मागून ठेवा. सही घेऊन त्या देतात.

२. ट्रायल म्हणजे काय हे घरातल्या सगळ्यांना सांगा

ट्रायल म्हणजे नवा उपचार रुग्णांवर नियमांनुसार तपासून पाहणं. काकांना हे पटलं ते मुंबईच्या एका गोष्टीमुळे. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना जीवघेणा रक्तक्षय का होतो, हे तिला शोधायचं होतं. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असं तिला दिसलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. मग बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांच्या लक्षात आलं की ल्युकेमिया झालेल्या मुलांना फॉलिक ॲसिड दिलं की आजार उलट भडकतो. म्हणजे त्याला अडवणारं औषध दिलं तर? आंध्रातून अमेरिकेत गेलेले शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने असं औषध बनवून दिलं, आणि १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांचे निकाल छापले. दहा मुलं काही काळासाठी सुधारली होती. काही महिन्यांनी आजार परत आला, पण मुलांमधला तीव्र ल्युकेमिया औषधाने मागे हटू शकतो हे प्रथमच दिसलं. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आजही एएलएल हा तीव्र ल्युकेमिया झालेल्या मुलांना देतात. आज आपण ज्याला "नेहमीचा उपचार" म्हणतो, तो कधीतरी कुणाच्या तरी मुलाने ट्रायलमध्ये घेतलेला असतो.

आता टप्पे. पहिल्या टप्प्यात थोड्या रुग्णांवर औषधाचा सुरक्षित डोस शोधतात. दुसऱ्यात ते आजारावर चालतं का हे पाहतात. तिसऱ्यात शेकडो रुग्णांमध्ये नवा उपचार जुन्याशी ताडून बघतात, आणि चौथा टप्पा औषध बाजारात आल्यानंतरचा. "ही कितव्या टप्प्याची ट्रायल आहे?" हा पहिला प्रश्न विचारा, कारण पहिल्या टप्प्यात फायद्याची खात्री सगळ्यात कमी असते आणि हे तुम्हाला स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे.

तिसऱ्या टप्प्यात बहुतेक वेळा चिठ्ठी पडते. कुणाला नवं आणि कुणाला जुनं औषध मिळणार हे संगणक ठरवतो, डॉक्टरसुद्धा नाही. अन्याय वाटतो, पण नवं औषध खरंच सरस आहे का हे अजून कुणालाच माहीत नसतं, म्हणून तर ट्रायल असते. चांगला उपचार उपलब्ध असताना रुग्णाला नुसत्या साखरेच्या गोळीवर ठेवतील ही भीती मात्र सोडून द्या. तुलना बहुतेक वेळा चालू उपचाराशी असते, किंवा चालू उपचार सगळ्यांना देऊन वर एक औषध वाढवतात.

३. वेळेवर विचारा

सगळ्यात मोठी चूक इथे होते. लोक ट्रायलबद्दल विचारतात ते सगळे उपचार थकल्यावर. तोवर काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, पडलेले असतात, यकृत-मूत्रपिंडाचे आकडे बिघडलेले असतात, माणूस अंथरुणाला खिळलेला असतो, आणि अटींत बसत नाही. शिवाय पुष्कळ ट्रायल्स फक्त ताज्या निदानासाठी असतात. किमोची एक सायकल घेतली की ते दार बंद.

म्हणून तीन वेळा विचारा: निदान झाल्यावर पहिली किमो सुरू होण्याआधी, आजार उलटल्यावर, आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विषय निघाल्यावर. विचारायचं वाक्य साधं आहे: "डॉक्टर, या आजारासाठी इथे किंवा दुसरीकडे एखादी ट्रायल सुरू आहे का, आणि आम्ही आज नेहमीचा उपचार सुरू केला तर पुढे तीत बसू का?" तीव्र ल्युकेमियात मात्र उपचार थांबवून शोधत बसू नका. तिथे तास मोजायचे असतात, आणि त्याच दिवशी मिळेल तेवढीच माहिती घेऊन पुढे जायचं.

४. नोंदवहीत स्वतः शोधा

भारतात होणाऱ्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही आहे, सीटीआरआय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थेने ती जुलै २००७ मध्ये सुरू केली. सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन या संकेतस्थळावर ती कुणालाही फुकट बघता येते. शोध इंग्रजीत घ्यावा लागतो. कॉलेजातल्या भाचीला शेजारी बसवा आणि आजाराचं स्पेलिंग ब्रिटिश व अमेरिकन दोन्ही पद्धतींनी टाकून पाहा.

एखादी नोंद उघडलीत की चार गोष्टी बघा. भरती सुरू आहे की बंद. कोणत्या अटींवर घेतात आणि कोणत्या अटींवर नाकारतात. कोणत्या शहरांतल्या कोणत्या रुग्णालयांत ती चालते, आणि तिथे एथिक्स कमिटीची, म्हणजे रुग्णांचं हित बघणाऱ्या समितीची, मंजुरी मिळाली आहे का. शेवटी, लोकांच्या प्रश्नांसाठी दिलेला संपर्क. तो नंबर आपल्यासाठीच असतो, फोन करायला बिचकू नका.

कुणी नोंदणी क्रमांक सांगू शकत नसेल, किंवा "ट्रायलमध्ये घेतो, एवढे लाख भरा" असं म्हणत असेल, तर तिथून उठा. ज्या औषधाची परीक्षा चालू आहे त्याचे पैसे रुग्णाकडून मागत नाहीत. स्टेम सेलच्या नावाने जाहिराती करणाऱ्यांच्या बाबतीत तर हे पक्कं लक्षात ठेवा.

महाराष्ट्रात या आजारांवरच्या संशोधनाचं मोठं ठिकाण म्हणजे परळचं टाटा मेमोरियल आणि खारघरचं त्याचं संशोधन केंद्र ॲक्ट्रेक. पण तुमचे डॉक्टर सोलापूर-नागपूरचे असले तरी तुम्ही वाटेबाहेर नाही. देशभरातली तीनशेहून अधिक केंद्रं नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये जोडलेली आहेत. आपल्या डॉक्टरांकडून संदर्भपत्र घेऊनच जा, त्याने फेरे वाचतात.

५. संमतीपत्र: इथे थांबा

संमतीपत्र जाडजूड असतं. आमचं पंचवीस पानांच्या वर होतं. ट्रायलचं रोजचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटर ताई समोर बसल्या, मराठी प्रत पुढे केली आणि म्हणाल्या, "आज सही नको. घरी न्या." मला त्यांच्याबद्दल विश्वास वाटला तो याच वाक्याने. तुम्हाला कुणी "लवकर करा, जागा भरतील" म्हणत असेल तर मीच सांगतो, एक रात्र तरी मागून घ्या.

वडिलांनी ती पानं जोत्यावर बसून दोन दिवस वाचली. समजलं नाही तिथे पेन्सिलने फुली केली. अकरा फुल्या झाल्या. परत गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो कुठल्याच फुलीवरचा नव्हता. "ह्यातनं मधीच उठून आलो तर चालतंय का?" डॉक्टर म्हणाले, "कधीही. कारणसुद्धा सांगायची गरज नाही, आणि तुमचा इथला नेहमीचा उपचार थांबणार नाही." तेव्हा कुठे वडिलांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

तो त्यांचा हक्कच होता. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांत रुग्णाचे हक्क नेमके मांडलेले आहेत. माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवं, आणि सही केलेल्या कागदाची एक प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार समोर बसवून सगळं वाचून दाखवावं लागतं. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि नियमाप्रमाणे नुकसानभरपाई. गंभीर त्रास झाला तर डॉक्टरांनी तो २४ तासांत वर कळवायचा. ट्रायलला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारी व्यक्ती आणि वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा सामान्य माणूसही असावा लागतो, आणि निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे. कमिटीचा नंबर संमतीपत्रावर असतो. तक्रार असेल तर थेट तिथे करता येते.

रुग्ण लहान असेल तर सही आईवडिलांची, पण सात वर्षांपुढच्या मुलालाही समजावून विचारायचं असतं. बारा वर्षांपुढे त्याची लेखी संमती घेतात. मुलाला बाहेर बसवून हे उरकू नका.

सही करण्याआधी मी हे विचारायचा सल्ला देतो. ट्रायलमध्ये गेलो नाही तर कोणता उपचार मिळेल आणि त्याने काय होऊ शकेल? किती वेळा यावं लागेल, किती दिवस भरती राहावं लागेल? बोन मॅरो जास्तीची किती वेळा करणार? त्यातल्या कोणत्या तपासण्या उपचारासाठी आणि कोणत्या फक्त अभ्यासासाठी? औषध लागू पडलं आणि ट्रायल संपली, तर पुढे ते मिळत राहील का? माझ्या रक्ताचे नमुने कुठे आणि किती वर्षं ठेवणार? तरुण रुग्ण असेल तर आणखी एक, आणि तो संकोचाने राहून जातो: पुढे मूल होण्यावर काय परिणाम होईल, आणि वीर्य किंवा बीजांड साठवायला आत्ता वेळ आहे का?

सहीनंतर स्क्रीनिंग होतं. रक्त, हृदयाचा इको, स्कॅन, कधी पुन्हा बोन मॅरो. एखादा आकडा अटीबाहेर गेला तर नकार येतो. आपण काही चुकलो असं मनात आणू नका, आणि तो आकडा सुधारला तर पुन्हा तपासतात का हे तिथेच विचारा.

६. पैसा आणि मुक्काम

कंपनीच्या ट्रायलमध्ये परीक्षेचं औषध आणि त्यासाठीच्या तपासण्या मोफत असतात, आणि प्रवासखर्चही अनेकदा देतात. तिकिटं फेकू नका. डॉक्टरांनी स्वतः हाती घेतलेल्या ट्रायलमध्ये मात्र नेहमीच्या उपचाराचा खर्च आपला असू शकतो. "काय मोफत, काय आमच्याकडे" याची यादी लिहून मागा. आपल्याकडे येणारा नेहमीचा उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे.

रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत, डॉक्टरांच्या ठरावीक नमुन्यातल्या दाखल्यावर. मुंबईत राहायचं तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही नावं गावोगावच्या रुग्णांना पाठ आहेत. लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी पहिल्या भेटीतच घ्या.

७. ट्रायल सुरू झाल्यावर

शंभर पानी वही आणि थर्मामीटर, ही दोन हत्यारं. वहीत रोज ताप, वजन, औषध घेतल्याची वेळ आणि जो काही त्रास होईल तो. "किरकोळ आहे, कशाला सांगायचं" असं वडील म्हणायचे. बोटांना मुंग्या येत होत्या, त्या त्यांनी पाच दिवस लपवल्या. माझ्या आईने वहीत लिहिलं, म्हणून डोस वेळेत कमी झाला.

काउंट पडलेले असताना १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे थेट रुग्णालय, रात्रीचे दोन वाजले असले तरी. क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका. गोळीने ताप लपतो, जंतुसंसर्ग जात नाही. गावाकडे असाल तर जवळच्या रुग्णालयात ट्रायलचं कार्ड दाखवा आणि तिथल्या डॉक्टरांना कोऑर्डिनेटरशी फोनवर बोलायला लावा.

काढे, चूर्णं, पाहुण्यांनी आणलेल्या पुड्या सगळ्या बंद, किमान डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आणि यकृताचे आकडे बिघडले की ट्रायलचं औषध थांबतं. इब्रुटिनिब, व्हेनेटोक्लॅक्स अशा गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूट वर्ज्य असतं. पपनस त्याच्याच जवळचं, तेही टाळा.

८. आधार देणाऱ्या ट्रायल्सनाही हो म्हणा

सगळं संशोधन नव्या औषधाचं नसतं. प्लेटलेट कधी लावायच्या, काय खायचं, वेदना कशी कमी करायची, हेही असंच तपासलं जातं, आणि रुग्णाचा रोजचा दिवस त्यानेच बदलतो. प्लेटलेट दहा हजारांखाली गेल्यावर रक्तस्राव नसतानाही लावायच्या का, हा प्रश्न ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात ६०० रुग्णांवर तपासला गेला. न लावलेल्या गटात ५० टक्के जणांना रक्तस्राव झाला, लावलेल्यांत ४३ टक्के. एसडीपीसाठी (एकाच दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेटसाठी) दाता शोधत रात्रभर फोन फिरवणाऱ्या भावाला हा फरक केवढा मोलाचा आहे ते कळेल.

खाण्याचंही तसंच. काउंट कमी असताना कच्ची फळं पूर्ण बंद करायचा रिवाज होता. इटलीत ट्रान्सप्लांटच्या रुग्णांवर झालेल्या तुलनेत कडक पथ्याने संसर्ग कमी झाला नाही. आपल्याकडच्या पाण्याचा आणि उघड्यावरच्या खाण्याचा विचार करून तुमचे डॉक्टर सांगतील तेच पाळा, पण "हे का?" एवढं विचारायला हरकत नाही. आणि पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे वेदना आणि त्रास हलका करणाऱ्या सेवेचं, नाव ऐकून घाबरू नका. अमेरिकेत एएमएलच्या १६० रुग्णांना जोरदार किमो चालू असतानाच ही सेवा दिली, तेव्हा त्यांचं नैराश्य आणि भीती कमी झाली. ती शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची गोष्ट नाही.

९. कार-टीबद्दल विचारणाऱ्यांसाठी

हल्ली प्रत्येक कुटुंब हे विचारतं. रुग्णाच्याच टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मशिनने बाहेर काढायच्या, कर्करोगाच्या पेशी ओळखता येतील असा बदल त्यांत प्रयोगशाळेत करायचा, आणि त्या परत शरीरात सोडायच्या. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून नेक्सकार-१९ तयार झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला भारतात मान्यता मिळाली. बी पेशींच्या ल्युकेमिया-लिम्फोमाच्या ६४ रुग्णांवरच्या ट्रायलचे निकाल २०२५ मध्ये छापून आले. सुमारे ७३ टक्के रुग्णांत प्रतिसाद दिसला. प्रतिसाद म्हणजे कायमचं बरं होणं नव्हे, काहींचा आजार परततो, हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. बाहेरच्या देशांत कोटींत जाणारा हा उपचार इथे काही लाखांत आला, तो त्या पहिल्या रुग्णांमुळे.

पेशी काढल्यापासून परत देईपर्यंत मध्ये काही आठवडे जातात. तेवढा काळ आजार आटोक्यात कसा ठेवणार, हा इथला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. पेशी दिल्यानंतर जोराचा ताप, रक्तदाब उतरणं, बोलण्यात गोंधळ होऊ शकतो. सुरुवातीचे काही आठवडे रुग्णालयाजवळ राहायची सोय आणि चोवीस तास एक माणूस सोबत, हे ठरल्याशिवाय तारीख घेऊ नका. आम्ही एका ओळखीच्या रुग्णाला रोज सकाळी वहीत एकच वाक्य लिहायला सांगायचो. अक्षर बिघडलं की नर्सला हाक.

१०. ट्रायल संपल्यावर

बाहेर पडताना, कारण कोणतंही असो, एक सारांशपत्र मागा: कोणतं औषध मिळालं, किती डोस झाले, शेवटचा स्कॅन काय म्हणतो. पुढच्या डॉक्टरांना ते लागतंच, आणि पुढच्या ट्रायललाही.

त्यानंतरही ठरावीक महिन्यांनी कोऑर्डिनेटरचा फोन येत राहतो. म्हणून फॉर्मवर घरातला दुसरा नंबर द्या. वडिलांना त्या औषधाने चौदा महिने दिले, त्यातले अकरा ते शेतावर जाऊन येत होते. ते गेल्यावर त्यांचा फोन आम्ही बंद केला. पुढच्या तिमाहीत ताईंचा फोन माझ्या नंबरवर आला. त्यांनी तारीख विचारली, मी सांगितली. मध्ये दुसरं कुठलं औषध घेतलं होतं का, असं विचारलं. मी कपाटातून वही काढली आणि शेवटच्या पानांवरून नावं, डोस आणि तारखा एकेक करून त्यांना वाचून दाखवल्या.